टाकीवरची बरणी

आमच्या घरात पाऊस आधी कानाने कळायचा. मुलुंडच्या पश्चिमेला, जिथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथे आमची बैठी चाळ होती. मागच्या मोरीवर लोखंडी पत्रा, पुढच्या खोलीवर सिमेंटचा, आणि दोन्हींच्या मधल्या फटीवर बाबांनी ताणून बसवलेलं निळं प्लास्टिक. सर डोंगराकडून यायची, म्हणून आधी लोखंडी पत्रा वाजायचा, मग प्लास्टिक फडफडायचं आणि सिमेंटवर आली की घरातलं बोलणं बंद. आई-बाबांचं भांडण चालू असेल तर तेसुद्धा तेवढ्यापुरतं थांबायचं, आणि सर ओसरली की दोघांनाही कुठवर आलो होतो ते आठवायचं नाही. नुसत्या आवाजावरून आई सांगायची, ही पाच मिनिटांची आहे की दुपार घेणारी. ती क्वचितच चुकायची, आणि चुकली तरी कबूल करायची नाही.

बाबा प्लंबर होते. आजोबा मालवणकडून गिरणीत आले, गिरणी गेली, आणि बाबांनी सतराव्या वर्षी हातात पान्हा घेतला. घाटकोपरपासून ठाण्याच्या वेशीपर्यंत किती इमारतींच्या पाइपांना त्यांचा हात लागला असेल, कोण जाणे. त्यांची एक सवय होती. काम संपलं, सूत आणि सफेदा लावून जोड घट्ट बसला, की ते खिशातून खिळा काढायचे आणि जोडाशेजारी तारीख कोरायचे. खाली 'द. घा.', म्हणजे दत्ताराम घाडी. लहानपणी मी विचारलं होतं, हे कशाला? तर म्हणाले, "बाय, उद्या गळला तर कोणाक बोलूचा ता लोकांका कळाक होया." मला ते फार विचित्र वाटायचं. माणसं स्वतःच्या कौतुकाखाली सही करतात, हे आपल्या चुकीची सोय आधीच करून ठेवत होते.

मी तेव्हा घाटकोपरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या श्रावणात पुण्याच्या एका संस्थेची गाडी आमच्या कॉलेजच्या मैदानावर येऊन उभी राहिली. पांढरा ट्रक, मागे मोठी थाळी, आणि थाळी गोल फिरतेय. कॉलेजातली निम्मी मुलं तिला टीव्हीवाल्यांची गाडी समजून केस नीट करून तिच्यासमोरून दोन-दोनदा गेली. ती गाडी म्हणजे चाकांवरचं रडार होतं, आणि तिच्यासोबत आलेल्या वैद्य मॅडम आम्हा चौदा मुलामुलींना आपल्याकडचा पाऊस शिकवणार होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पायात पुरुषी गमबूट. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला फळ्यासमोर न बसवता चौघाचौघांना गाडीत नेलं. आत एसीचा गारठा, जनरेटरची घरघर, आणि पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल डाग. मॅडम म्हणाल्या, "हा हिरवा पट्टा म्हणजे अंधेरीवरची सर. ती आपल्याकडे येते आहे. घड्याळ लावा." आम्ही घड्याळ लावलं. चौदाव्या मिनिटाला गाडीच्या टपावर टपटप सुरू झालं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. जन्मभर जो पाऊस मी कानाने ऐकत आले, तो इथे यायच्या आधी डोळ्यांना दिसत होता. मला दुसरं काही नको होतं, फक्त त्या गाडीत बसायचं होतं.

आता माझ्या नातीच्या मनगटावरचं घड्याळ तिला सांगतं, सात मिनिटांनी पाऊस. ती मान वर करून बघतही नाही. मी तिला सांगते की तुझी आजी एका हिरव्या डागासाठी दोन दिवस नीट जेवली नव्हती, तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते.

मॅडम रडार शिकवायच्या तेही मजेत. रडार लहर सोडतं, ती थेंबांवर आपटून परत येते, किती वेळाने आली त्यावरून पाऊस किती लांब ते कळतं. पण किती पडतोय ते मात्र रडार अंदाजाने सांगतं. एक थेंब दुसऱ्याच्या दुप्पट मोठा असला तर त्याच्यावरून परतणारी लहर चौसष्टपट जोरात येते. म्हणजे चार मोठे थेंब रडारला मुसळधार वाटू शकतात, आणि बारीक थेंबांचा दाट पाऊस अगदीच किरकोळ. "म्हणून ही एवढी मोठी गाडीसुद्धा जमिनीवरच्या एका बरणीवर अवलंबून असते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी प्रत्येकाला घरी बरणी ठेवायला सांगितली. सरळ उभ्या भिंतींची, वर बरणीच्याच रुंदीचं नरसाळं, बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली. कोणी गोवंडीचं, कोणी गोरेगावचं, माझी मैत्रीण प्रज्ञा मानखुर्दची, मी मुलुंडची. रोज सकाळी साडेआठला पाणी वाचायचं, तक्त्यात लिहायचं, बरणी रिकामी करायची, आणि 'निरीक्षक' या शब्दासमोर सही. शेवटचे दहा दिवस गाडी मैदान सोडून पावसामागे फिरणार होती, समुद्रापासून डोंगरापर्यंत. आत चारच विद्यार्थ्यांना जागा. ज्यांची नोंद एक दिवसही चुकली नाही, त्यांतून चौघं निवडले जाणार होते.

"नियम एकच," मॅडम म्हणाल्या. "ज्याने वाचलं त्याचंच नाव. साडेआठला ज्याला जमणार नाही, त्याने आत्ताच सांगावं."

मला जमणार नव्हतं. बाकीच्यांचं कॉलेज अकराला भरायचं, पण माझ्या तुकडीचं प्रॅक्टिकल साडेसातला असायचं. साडेआठला मी प्रयोगशाळेत भिंगं पुसत असायचे. मी गप्प बसले. हात वर करायला एक क्षण लागला असता, पण तो क्षण मी जाऊ दिला, आणि प्रज्ञाच्या वहीत काहीतरी बघत असल्यासारखं केलं.

घरी आले ती थेट फडताळाकडे. सरळ भिंतींची अशी एकच बरणी घरात होती, आईची लोणच्याची, पारदर्शक, लाल झाकणाची. त्यात तळाला अजून दोन फोडी होत्या.

"ह्या काय गो? बरणी खंय नेतंस?" आई.

"पाऊस मोजायला."

"पाऊस काय मोजूक होयो? पडता तितको पडता." मग बाबांकडे वळून, "तुमीच लाडावून ठेवलास."

बाबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, पान्हा पुसता पुसता. चाळीच्या टोकाला सामायिक पाण्याची टाकी होती, चारही बाजूंना मोकळं आभाळ असलेली तेवढी एकच जागा. तिच्या शिडीला पावसात शेवाळ धरायचं. पहिल्या दिवशी मी वर चढून बरणी ठेवली आणि उतरताना एक पायरी चुकले, बाबांनी दंडाला धरलं म्हणून वाचले. तिथेच त्यांनी जाहीर केलं की यापुढे मी त्या शिडीला हात लावायचा नाही. साडेआठला ते चढतील, ते वाचतील, आणि मला मोबाइलवर आवाजात आकडा पाठवतील. मला तेच हवं होतं. आपल्या बाबांनी वाचलं काय नि आपण वाचलं काय, असं मी मनाला समजावलं, आणि मन लगेच समजलं.

बाबांना त्या बरणीचं जे वेड लागलं ते बघण्यासारखं होतं. मुलुंडमध्ये कुठे नळ गळत असला तरी गिऱ्हाइकाला सांगायचे, साडेआठनंतर येतो, सरकारी काम आहे. सरकारी वगैरे काही नव्हतं. आठ पंचविसाला ते टाकीपाशी उभे राहायचे, मोबाइलवर घड्याळ बघत, आणि बरोबर साडेआठला चढायचे. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात जाऊन मोबाइल कानाला लावायचे. आधी त्यांचा धापा टाकण्याचा आवाज, मागे कावळा, आणि मग, "बाय, आज चौदा. डोळे पट्टीच्या समोर आणून बघितलंय, वरून नाय." मी चौदा लिहायचे आणि खाली माझी सही ठोकायचे.

पहिला आठवडा आमची बरणी आणि मॅडमचं रडार हातात हात घालून चाललं. रडार तेरा म्हणायचं, आम्ही चौदा. मग एका मंगळवारी बाबांचा आवाज आला आणि त्यात वेगळाच उत्साह. "बाय, बहात्तर."

मी पुन्हा ऐकलं. बहात्तर. आदल्या दिवशी मी घरीच होते. सर आली होती, सिमेंटवर वाजली होती, पण आईने तिला पाच मिनिटांची म्हणून निकालात काढलं होतं. कानाने ऐकलेला पाऊस बहात्तरचा नव्हता, हे मला आतून कळत होतं. पण कळणं एक आणि पटवून घेणं दुसरं. मी बहात्तर लिहिला. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस, मग अठ्ठ्याऐंशी. रडार मात्र सतरा, बारा, सहा असे आकडे सांगत बसलेलं.

त्या शुक्रवारी सगळ्यांचे तक्ते पडद्यावर लागले. गोरेगाव, गोवंडी, मानखुर्द, सगळ्यांचे ठिपके रडारच्या रेषेला चिकटून, आणि मुलुंडचा ठिपका एकटाच वर आभाळात. प्रज्ञाने मला कोपर मारलं. "अगं, एवढा पडला असता तर तू पोहत आली असतीस. तू स्वतः बघितलंस ना?"

"मग काय तुझ्या पप्पांनी बघितलं?" मी म्हणाले. खोटं बोलताना माणूस किती सहज दुसऱ्याच्या बापावर जातो.

मॅडमनी विचारलं, मुलुंडचं काय म्हणणं आहे? मी उभी राहिले. तोंड कुठून कोण जाणे भलतंच धीट झालं. मी म्हणाले, "मॅडम, रडार चुकतंय. आमच्याकडे डोंगर आहे. ढग डोंगराला टेकतात, खालच्या खाली पडतात. तुमच्या गाडीला मधल्या टॉवरच्या वरून बघावं लागतं, मग खालचं दिसणार कसं?" मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "असं असू शकतं. इथल्या ढगांची हीच तर गंमत आहे. थंड देशांत पाऊस उंचावर बर्फातून सुरू होतो. आपल्याकडे बुटके, उबदार ढगसुद्धा चांगले बरसतात, आणि लांबून त्यांच्या डोक्यावरून नजर निघून जाते. पण चौपटीहून जास्त फरक? सोमवारी गाडी मुलुंडला नेऊ. बरणी मला पाहायची आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "झकास" म्हणालं. रडारला चूक म्हणणारी मुलगी म्हणून त्या दिवशी मला दोन वेळा फुकट चहा मिळाला. जमिनीला पाय लागत नव्हते. यादीतलं पहिलं नाव आता आपलंच, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

सोमवारी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा सगळी चाळ दारात. आईने श्रावण म्हणून काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या होत्या, वर नारळाचा रस, आणि "पुण्याची बाई तिखट खाईत काय?" या काळजीने तीनदा मीठ-मिरची चाखून बघितली होती. बाबांनी कामाचा शर्ट सोडून लग्नाकार्याचा घातला होता. प्रज्ञा आणि आणखी तिघं आले होते. मॅडम कोणी नको म्हणायच्या आत गमबुटांनिशी शिडी चढल्या. बाबा मागोमाग. मी खाली, मान वर करून उभी.

मग मॅडमचा आवाज आला. "हे नरसाळं कोणी बसवलं?"

"मी," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात केवढं तरी समाधान होतं. "आधीचं फार लहान होतं मॅडम. अर्धं पाणी बाजूला पडून फुकट. मग मी पत्र्याचं घरी बनवलं. सफेदा भरलाय, एक थेंब गळायचा नाय."

मी सगळं विसरून शिडी चढले. लोणच्याच्या बरणीवर तिच्या दुप्पट रुंदीचं, चकचकीत, गोल वळवलेलं नरसाळं बसलं होतं. इतकं सुबक की दुकानातून आणल्यासारखं. आणि मला एका क्षणात सगळं समजलं. बरणीच्या रुंदीइतकंच तोंड का हवं, ते मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बरणीवर जेवढं आभाळ असतं तेवढंच पाणी मोजायचं. बाबांनी शेजारचं आभाळही त्यात ओतलं होतं. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. फक्त आकडा पाठवा, एवढंच सांगितलं होतं.

खाली प्रज्ञा उभी होती, ते तिघं उभे होते, सगळी चाळ उभी होती. मला बहात्तर आठवला, टाळ्या आठवल्या, आणि मी बाबांवर ओरडले, "कोणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला? वाट लावलीत तुम्ही माझी."

आज इतक्या वर्षांनी ते वाक्य लिहिताना हात अडतो. बाबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग नरसाळ्याकडे. त्यांना अजून कळलं नव्हतं काय चुकलं, फक्त एवढंच कळलं होतं की पोरीचं काहीतरी आपल्या हातून बिघडलं. मला स्वतःची लाज वाटली. त्या वेळी थोडी वाटली, नंतर पुष्कळ.

मॅडमनी अगदी साध्या शब्दांत त्यांना तोंडाचं गणित सांगितलं. त्या अर्ध्यावर असतानाच बाबांचे डोळे उघडले. "अरे देवा. म्हणजे तीन इंची पाइपाच्या जागी सहा इंची लावल्यासारखं. तोंड दुप्पट म्हणजे पाणी चौपट." ते स्वतःशीच हिशेब करत होते. "मग मॅडम, चारानं भागा ना. पाणी खोटं नाय, तोंड मोठं होतं."

"भागता येईल," मॅडम म्हणाल्या, "पण बदललं कधी ते नेमकं माहीत हवं. अंदाजे नाही चालणार."

बाबांनी नरसाळं हलकेच फिरवलं. मागच्या बाजूला, पत्र्यावर, खिळ्याने कोरलेलं. तारीख. खाली वेळ, 'सकाळी ८.४०'. आणि 'द. घा.'

मॅडम हसल्या, त्या गाडीसोबत आल्यापासून पहिल्यांदा एवढ्या मोकळ्या हसल्या. पण हसू विरलं तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे वळली. "आठ चाळीस. म्हणजे साडेआठची नोंद झाल्यावर हे बसवलं. मग दुसऱ्या दिवशी साडेआठला तू वर आलीस तेव्हा तुला दिसलं नाही?"

मी काही बोलायच्या आत बाबा बोलले. "तिचा काय दोष नाय मॅडम. तीच चढते रोज. मीच तिला सांगितलं, आसूदे, नरसाळं चांगलं आहे. बापानं सांगितलं म्हणून गप्प बसली."

आयुष्यभर स्वतःच्या प्रत्येक जोडाखाली नाव कोरणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि तेही इतकं वाईट बोलत होता की कोणालाही कळावं. त्या गाडीतली जागा माझ्यापासून एका वाक्याच्या अंतरावर होती. मॅडमनी कदाचित ते खोटं चालवूनही घेतलं असतं. मला ती जागा हवी होती, आजवर दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं इतकी. पण खिळ्याने कोरलेल्या त्या दोन अक्षरांसमोर उभं राहून मला ते जमेना.

"वाचायला मी नाही चढले मॅडम," मी म्हणाले. "एकही दिवस नाही. साडेआठला माझं प्रॅक्टिकल असतं. रोज बाबा वाचायचे आणि सही मी करायचे."

मॅडम म्हणाल्या, "मग गाडीच्या यादीत तुझं नाव येणार नाही. कळतंय ना?" मी मान हलवली. त्यांनी तिथेच, टाकीवर बसून, तक्त्यातली माझी सगळी नावं एकेक करून खोडली आणि प्रत्येकासमोर लिहिलं, दत्ताराम घाडी. बाबा म्हणत राहिले, अहो असं काय, अहो मॅडम. मॅडमनी लक्ष दिलं नाही.

मग त्या भागायला बसल्या. बहात्तर भागिले चार, अठरा, रडार सतरा. अठ्ठेचाळीस भागिले चार, बारा, रडारही बारा. प्रज्ञा खालून ओरडली, "म्हणजे रडारच बरोबर होतं ना?" तेवढ्यात मॅडमचं पेन थांबलं. अठ्ठ्याऐंशी भागिले चार, बावीस. रडार सहा. आणखी एक दिवस, साठ, म्हणजे पंधरा. रडार चार. त्यांनी दोनदा भागून बघितलं. मग बाबांना विचारलं, हे दोन दिवस आठवतात?

"आठवतात की," बाबा म्हणाले. "त्या दिवशी डोंगर दिसतच नव्हता. ढग इथं, या झाडांच्या शेंड्यांना. पाऊस असा, चाळणीतून पीठ पडल्यासारखा बारीक. पण दिवसभर खळला नाय."

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या, शेवाळाची पर्वा न करता. बुटके ढग. बारीक थेंब. रडारची नजर त्यांच्या डोक्यावरून गेली होती, किंवा थेंब इतके बारीक होते की त्यांची हाक ऐकू आली नाही. मी वर्गात फुशारकीने जे बोलले होते ते त्या दोन दिवसांपुरतं खरं निघालं होतं, आणि ते पकडलं होतं बाबांनी. मॅडम खाली उतरल्या त्या बोलतच, आंबोळी खाल्ली ती बोलतच, सांबारं थंड झालं. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाई बरी हा. पण जेवणाक लक्ष नाय."

गाडीत चौघं गेली. प्रज्ञा त्यांत होती. पहिले दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर पडद्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझा डोंगर दिसतोय बघ, यार." मग मी बोलले. जागेवाचून मी मरणार नव्हते, पण ते दहा दिवस गाडीचा जनरेटर कुठे वाजतोय का म्हणून माझे कान टवकारलेले असायचे, हे खोटं कशाला सांगू.

आठव्या दिवशी मॅडमचा फोन आला, मला नाही, बाबांना. मुलुंडच्या बरणीचे निरीक्षक म्हणून त्यांना गाडीत यायचं आमंत्रण होतं. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लागणार, बुटके ढग बघायला थाळी यावेळी खाली झुकवून ठेवणार. बाबांनी विचारलं, "मॅडम, मदतनीस आणला तर चालेल का? मी कामावर एकटा जात नाय कधी." ते आयुष्यभर कामावर एकटेच गेले होते.

तर मी त्या गाडीत बसले ती प्लंबर दत्ताराम घाडींची मदतनीस म्हणून. त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. बाबा स्टुलावर ताठ बसले होते, लग्नाकार्याचा शर्ट, हात गुडघ्यांवर. पडद्यावर डोंगराच्या अंगाला फिकट हिरवं काहीतरी चिकटलं होतं, लांबून कधी दिसलं नसतं असं, आणि ते सरकत होतं. मॅडमनी त्यांना विचारलं, तुमचं घर कुठे येईल यात? बाबांनी बोट ठेवलं, जराही न चुकता, कारण त्या भागाच्या सगळ्या पाइपलाइनी त्यांच्या डोक्यात होत्या. मग त्यांनी हिरव्याचं टोक आणि आपलं बोट यांतलं अंतर बघितलं, ओठ हलवले, आणि खिशातून मोबाइल काढून आईला लावला.

"कपडे काढ," ते म्हणाले. "सहा मिनिटांत येतलो."

"तुमी येतलास?"

"मी नाय. पाऊस."

"तुमका कोणी सांगल्यान?"

"माका दिसता हा."

त्यांनी फोन बंद केला नाही. आम्ही तिघंही मोबाइलला कान लावून बसलो, आणि मॅडमनी एसी बंद केला. पाचवं मिनिट गेलं. सहाव्यात आधी लोखंडी पत्रा, मग प्लास्टिकची फडफड, मग सिमेंट, आणि त्या सगळ्यावरून आईचा आवाज, "इलो, इलो. कपडे काढलंय." बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, प्रॅक्टिकल नव्हतं. आठ पंचविसाला बाबांनी मला टाकीपाशी नेलं. शिडीच्या पायऱ्या त्यांनी तारेच्या ब्रशने घासून काढल्या होत्या, शेवाळाचा मागमूस नव्हता. बरणीवर जुनं लहान नरसाळं परत बसलं होतं. "चढ," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभे राहिले. मी चढले, डोळे पट्टीच्या समोर आणले, वरून नाही.

"किती?" खालून त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

त्यांनी तक्त्यात एकोणीस लिहिला. मी उतरून बघितलं तर 'निरीक्षक'समोर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात माझं नाव होतं.

"तुमचं लिहा ना," मी म्हणाले. "बरणी तुमची आहे आता."

"ज्यानं वाचलं त्याचं नाव," बाबा म्हणाले, आणि पिशवी उचलून कामाला गेले.